चिंचोक्याची खळ

चैत्र लागला की आमच्या गल्लीत नवी चिंच फुटायला लागते. दुपारची जेवणं आटोपून शेजारच्या सुना ओट्यावर बसतात आणि उन्हं कलेपर्यंत तो एकच आवाज चालतो. ठक, ठक, ठक. दगडावर चिंच, चिंचेवर बत्ता. मी खोलीत खाटेवर पडून ऐकत असते. मग वास येतो. आंबट, गुळचट, तापलेल्या टरफलाच्या धुळीचा. इतरांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझे तळहात चुरचुरायला लागतात. कुणी विचारलं तर वयाचं दुखणं आहे म्हणून सांगते. एका चैत्रात या हातांनी फार चिंच सोलली होती, एवढंच.

ते लढाईचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपूरहून यायचे, आणि त्या साली बहुतेक हुकमांचा अर्थ एकच असायचा: हे मिळणार नाही, ते जपून वापरा. रॉकेल नाही, सूत नाही, धान्य मोजून मापून. लढाई कुठं चालली होती ते आमच्या कोष्टीपुऱ्यात कुणाला नीट सांगता आलं नसतं. पण ती आमच्या डब्यांत आणि मडक्यांत येऊन बसली होती.

आमच्या मेहकरची धोतरं एके काळी लांबवर नावाजलेली. मी लग्न होऊन आले तेव्हाही पहाटेपासून पुऱ्यात मागांचा खडखडाट असे. आधी तो डोक्यात जायचा, मग कानांना ऐकू येईनासा झाला, आणि नंतर एकेक माग थांबत गेला तेव्हा पुन्हा ऐकू यायला लागला. थांबलेला माग जास्त ऐकू येतो.

आमच्या घरातला माग आदल्या भादव्यात थांबला. हे गेले, मुदतीच्या तापानं. नाव घ्यायची रीत नव्हती, त्यामुळं इतक्या वर्षांनी लिहितानाही हातातून ‘हे’च उतरतं. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात उरलो मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. मामाजी मुळात अबोल. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आपणहून तोंड उघडायचं नाही, हे मला माहेरून शिकवून पाठवलेलं. त्यांच्या-माझ्यामध्ये बोलणारा जो एक माणूस होता तोच गेला. मी भाकरी वाढायची, ते खायचे, मी ताट उचलायची. पाणी हवं असलं की ते तांब्या जमिनीवर जरासा वाजवत. कित्येक दिवस त्या घरात तांब्याएवढंही कुणी बोललं नाही.

मागावर यांनी विणायला घेतलेलं धोतर अर्धंच राहिलं होतं. आडवं सूत नेणारा धोटा शेवटी जिथं थांबला तिथंच पडलेला. मामाजी रोज सकाळी त्यावरची धूळ फडक्यानं टिपत आणि ओसरीवर येऊन बसत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं त्यांनी मनावर घेतलं नाही. मीही सुचवलं नाही. मी कोण सुचवणारी?

पोटासाठी मी चिंचेवर जायला लागले. बाजारापलीकडं एका व्यापाऱ्याची वखार होती. तिथं गावोगावची चिंच गाड्यांनी यायची, आम्ही बायका ती फोडायचो, शिरा ओढायचो, चिंचोके काढायचो. मिठाचा हात लावून गर पोत्यांत दाबला की गाड्या मलकापूरकडं जायच्या, तिथून पुढं रेल्वेनं. गर तेवढा जायचा. बाकी सगळं मागं राहायचं. टरफलं बायका चुलीला नेत. चिंचोक्यांचा मात्र वखारीमागं ढीग साचलेला असे, काळा, चकचकीत. पावसाळ्यात तो कुजून वास मारायचा. मूठभर भाजून खायला कुणी नेई, पण ढीग तेवढाच.

वखारीत बायका बोलत. कुणाची सासू, कुणाची म्हैस, कुणाचा नवरा पलटणीत गेलेला. मी त्यांच्यात बसून ऐकायची. विधवेला गोष्टी सांगतात, विचारत मात्र काही नाहीत. विचारलं तर ती रडेल असं वाटत असावं. शेजारची केसरबाई तेवढी विचारायची. तिचाही माग उभा होता, घरात नवरा खोकत पडलेला.

“काय व सुभद्रे, तुहा सासरा बसते का मागावर?” तिनं एक दिवस विचारलं.

“नाही व.”

“बसून तरी काय करीन म्हना. पीठ खायले भेटून नाही राह्यलं, अन् खळीले कुठून आनाव?”

खरं होतं ते. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला पिठाची खळ चढवावी लागते. खळीशिवाय सूत मागावर धरत नाही, मागाच्या दातेरी फणीत घासून तुटतं. आणि खळीला लागणारं ज्वारी-गव्हाचं पीठ त्या साली माणसांनाच पुरत नव्हतं. दोन वाट्या पिठाची पेज करून धाग्याला पाजायची म्हणजे पोटातला घास काढून द्यायचा. पुऱ्यातले माग सुतावाचून थांबले होते, तसे पिठावाचूनही.

“माही सासू दुष्काळात चिंचोक्याची खळ करे,” केसरबाई म्हणाली आणि पुढची चिंच फोडायला घेतली. तिनं ते सहज म्हटलं होतं. पुढं काही नाही.

त्याच सुमारास रघुनाथ आला. मामाजींचा पुतण्या, मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला होता. मनानं वाईट नव्हता. ओसरीवर चुलत्यासमोर बसून बोलला, आणि मी आत परातीवर हात ठेवून ऐकलं.

“काका, किती दिवस असे बसून राह्यता? माग मोडा. सागाचं लाकूड हाय, कोनीबी नेईन. चला माह्यासंगं, जिनात लावून देतो तुमाले.”

रघुनाथनं आवाज खाली आणला.

“अन् वहिनीले तिच्या बापाकडं धाडून द्या. वय काय हाय तिचं? पाट लावून देईन तो. इथं कोनाच्या भरवशावर राहीन ते?”

माझ्या बापानं दुसरी केली होती. त्या घरात मला जागा असती तर लग्नाआधीच सापडली असती. पण हे रघुनाथला कोण सांगणार? आणि मामाजी काय म्हणतात तिकडंच माझे कान लागलेले. शेवटी एवढंच ऐकू आलं, “पाहू.”

“अखाडीपर्यंत पाहा. मंग मी न्यायलेच येतो.”

त्या ‘पाहू’नं मला जेवण गेलं नाही. ‘नाही’ म्हटलं असतं तर बरं, ‘हो’ म्हटलं असतं तरी समजलं असतं. मी या माणसाच्या घरात आहे ती कोण म्हणून? मुलाची बायको. आणि मुलगा नाही.

दुसऱ्या दिवशी वखारीतून निघताना मी पदराच्या ओच्यात चिंचोके भरले. वखारीच्या दिवाणजीनं पाहिलं आणि हसला. “ने ने, तेवढीच जागा मोकळी होईन.” घरी येऊन मी ते अंगणात ओतले. मामाजी ओसरीवर होते. त्यांनी भिंतीकडं पाहत विचारलं, “हे कायले आनलं?”

मला वाटलं माझ्या कानांनाच भास झाला. “खळीले,” मी म्हटलं.

“कोनाच्या खळीले?”

“आपल्या.”

ते उठले. एक चिंचोका उचलून दाढेखाली धरला, थुंकून टाकला. म्हणाले, “भाजा लागतात. नाही भाजले तं साल सोडत नाही.” आणि पुन्हा जाऊन बसले. मी चुलीपाशी वाकून उभी होते आणि मला कळत नव्हतं की रडावं का जाळ घालावा. जाळ घातला.

चिंचोका हट्टी असतो. वाळूत भाजायचा, तडतडला की काढायचा, उखळात हलक्या हातानं सडायचा, सुपानं पाखडायचा. तांबडी साल एकीकडं, आत पांढरा दगड. तो रात्रभर भिजवून, वाळवून जात्यावर दळायचा. जातं इतकं जड ओढायचं की खांदा उतरून ठेवल्यासारखा व्हायचा. मग पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि हात थांबू द्यायचा नाही. पहिल्या खेपेला माझ्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला खाली लागलं. तिसऱ्या खेपेला भांड्यात काचेसारखी चिकट, लवलवीत खळ तयार झाली. मामाजींनी बोट बुडवलं, अंगठ्यानं ताणून पाहिलं. तार निघाली. संध्याकाळी मी वखारीतून आले तेव्हा ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते.

ते यांचं अर्धं धोतर पुरं करत होते. ते उतरल्याशिवाय नवा ताणा चढणार नव्हता. मी कोपऱ्यात रहाटावर धोट्याच्या कांड्या सुतानं भरायला बसले. मधे चार हातांचं अंतर, धोट्याचा आवाज, आणि दोघांच्याही मनात एकच माणूस. त्याच्याबद्दल बोलायला दोघांकडंही शब्द नव्हते. यांचा हात जड होता, ठोका घट्ट बसायचा. मामाजींचा हात आता हलका झालेला. धोतर उतरल्यावर मी ते अंगणात उन्हाला धरलं. एकाचा हात कुठं संपला आणि दुसऱ्याचा कुठं सुरू झाला ते डोळ्यांना दिसत नव्हतं. बोटांना लागत होतं. मी कितीदा बोट फिरवलं असेल. मामाजींनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

घरात सुताची एकच मोळी उरली होती, यांनीच जिवंतपणी आणून ठेवलेली. तिचा ताणा केला. एका सकाळी तो गल्लीत खुंट्यांवर पसरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. किती दिवसांनी पुऱ्यात ताणा पसरला होता. म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. केसरबाईचा नवरा खोकत खोकत एका खुंटीपाशी येऊन उभा राहिला, धरायला. मामाजी कुंच्यानं खळ चढवत पुढं सरकत होते, मी खळीचं भांडं घेऊन मागं. उन्हात धागे चकाकत होते. मला आठवतं, मला त्या वेळी छान वाटलं होतं. छान वाटल्याची लाजही वाटली होती.

आणि वावटळ आली. नदीकडून, मुरमाची तांबडी धूळ उचलत, सरळ गल्लीतून. चैत्रात येतातच वावटळी, एरवी डोळे मिटून उभं राहिलं की झालं. डोळे उघडले तेव्हा ओल्या खळीवर धूळ बसलेली होती. जिथं पांढरं होतं तिथं मातकट पट्टे. पुसायला गेलं तर धागा धाग्याला चिकटत होता. लोक हळूहळू आपापल्या दारांतून आत गेले. दुसऱ्याचं नुकसान उभं राहून पाहवत नाही.

मामाजी जमिनीवर बसले. वाळलेला ताणा आम्ही कसातरी गुंडाळून घरात आणला. मागाच्या फणीत यांच्या जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवलेली होती. नवा ताणा चढवताना जुन्या प्रत्येक धाग्याला नवा धागा पीळ देऊन सांधायचा असतो, म्हणजे फणी पुन्हा भरावी लागत नाही. मी सांधायला बसले तर मामाजींनी हात आडवा घातला.

“ऱ्हाऊ दे.”

“काऊन?”

“हे घान त्याच्या सुताले नाही सांधत मी. मोडतो माग. रघुनाथ म्हनते ते बरोबर हाय.”

मी त्यांच्या तोंडाकडं पाहून त्या दिवसापर्यंत कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “मामाजी, हेबी सूत त्याहीचंच हाय. त्याहीनंच आनून ठेवलं होतं. धुळीचं झालं म्हनून ते दुसऱ्या कोनाचं होते का?”

आवाज माझ्या हिशेबानं फारच मोठा झाला होता. ते माझ्याकडं पाहत राहिले. मग उठून मागाच्या दुसऱ्या अंगाला बसले आणि जुना धागा चिमटीत धरून वाट पाहू लागले. मी नवा दिला. त्यांनी पीळ दिला. पुढचा. पुढचा. उन्हं ओसरीवरून उतरून गेली तरी आमचं चालूच होतं.

चिंचोक्याची खळ मात्र खरी ठरली. धागा तुटला नाही. कापड उतरलं, मी ते नदीवर धुतलं, आपटलं, पुन्हा धुतलं. धूळ गेली, डाग राहिले. ढगासारखे, तांबूस, जागोजागी. असलं धोतर कोण नेसणार?

माझी बोटं त्या दिवसांत तपकिरी झाली होती. चिंचोक्याच्या साली मी शेणकुटासारख्या जाळायला म्हणून लोखंडी घमेल्यात टाकून ठेवल्या होत्या. त्यात पाणी सांडलं ते तसंच राहिलं. ओतायला गेले तर पाणी काळपट तपकिरी, आणि हाताला लागलेलं राखेनं घासूनही जाईना. मी हाताकडं पाहिलं, दोरीवरच्या कापडाकडं पाहिलं. मग घमेलं परत चुलीवर ठेवलं, आणखी साली टाकल्या, तुरटीचा खडा टाकला. कापडाचं एक टोक बुडवलं, वाळवलं. पिकल्या चिंचेच्या टरफलाचा रंग आला. डाग त्यात कुठं गेले ते शोधूनही सापडेनात.

मामाजींनी ते टोक हातात घेतलं. “धोतर नाही झालं हे,” म्हणाले. मग ते उलटून पाहिलं आणि म्हणाले, “लुगडं होईन.”

पहिलं लुगडं केसरबाई नेसली. वखारीत आली तेव्हा बायका हसल्या, मग पदर हातात घेऊन पाहू लागल्या. चिंचेच्या कामात लुगड्याची जी दशा होते ती आम्हालाच ठाऊक. या रंगावर चिंचेचा डाग पडून पडणार काय? “मलेबी पाह्यजे व,” एक म्हणाली, मग दुसरी. दिवाणजीला आता वखारीमागची जागा मोकळी करून द्यायला कुणाला सांगावं लागत नव्हतं. पुऱ्यातल्या बायका ओचे भरून चिंचोके नेऊ लागल्या, आणि ज्यांच्याकडं थोडंफार सूत होतं पण पिठावाचून अडलं होतं त्यांचे माग पुन्हा चालू लागले. ज्यांना जातं ओढवत नव्हतं त्या भांडं घेऊन माझ्या दारात येत, “सुभद्रे, खळ दे वं थोडी.” धनगरवाड्याहून घोंगड्यांसाठी खळ न्यायला माणसं आली. गाळून उरलेला चोथा केसरबाईची म्हैस खायची. टरफलाची राख भांड्यांना. त्या मोसमात चिंचेचं फेकण्यासारखं काही उरलंच नाही.

एवढं सगळं झालं आणि घर तसंच होतं. दारात माणसं येत-जात, मी त्यांच्याशी बोलायची, कधी हसायचीही. ती गेली की ओसरीवर पुन्हा आम्ही दोघं. कामानं हात भरतात. बाकीचं भरेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी ते धरून चालले होते. एकदा खळ ढवळताना, पीठ नेमकं कसं जमलं ते यांना सांगावं म्हणून मी मान वळवली. पळी हातात राहिली. खाली लागलेल्या खळीचा वास मामाजींना बाहेर गेला असणार. ते आत आले, माझ्या हातातून पळी घेतली आणि ढवळत राहिले. मला वाटतं त्यांचीही मान अशी अधूनमधून वळत असावी.

आषाढात, अखाडीच्या सणाला रघुनाथ आला, बोलल्याप्रमाणं. पुऱ्यात शिरताना त्याला मागांचे आवाज ऐकू आले असतील. ओसरीवर बसून त्यानं चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “काका, मंग काय ठरलं? वहिनीले कवा धाडता?”

मी आत चौकटीला धरून उभी होते.

“कोनाले धाडू?” मामाजी म्हणाले. “घर तिचं हाय. मी तिच्यापाशी राह्यतो.”

रघुनाथ हसला. थट्टा समजला बहुधा. मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या. मी आतून बाहेर आले नाही. चहाची भांडी घ्यायलासुद्धा नाही. ती मामाजींनीच उचलून आणली.

पुढं आम्ही बरीच वर्षं तशी काढली. लढाई संपली, पीठ मिळायला लागलं, आणि चिंचोके पुन्हा वखारीमागं साचू लागले. मग गिरणीचं कापड आलं. मुलींच्या शाळेत विणकाम शिकवायला बाई हवी होती, तिथं मी लागले. माहेरी चौथीपर्यंत शिकले होते ते कामी आलं. मामाजी संध्याकाळी मला शाळेतून येताना पाहत ओसरीवर बसून असत, मी दिसले की आत जाऊन चूल पेटवत. गेले ते झोपेतच. त्यानंतर घरात जी शांतता आली ती मला अगदी अनोळखी होती. इतकी वर्षं आम्ही दोघं मिळून गप्प बसत होतो, हे मला तेव्हा कळलं.

कोष्टीपुरा सोडून मला बरीच वर्षं झाली; तिथं आता एकही माग नाही. कालच कशासाठी तरी तिकडं गेले होते. घरं बदलली, माणसं नवी, पोरं सायकली उडवत गेली. गल्ली मोकळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. समोरून केसरबाईचा थोरला येत होता, तोही आता म्हाताराच. तो भिंतीच्या कडेकडेनं येत होता, आणि मीही भिंतीच्या कडेकडेनं जात होते. दोघांनीही मधली वाट सोडली होती, ताण्याला धक्का लागू नये म्हणून.